लिंबाच्या पलीकडे

मावशीच्या घरी वादाला बसायचं तर आधी सुलेमानी चहा घ्यावा लागतो, चिमूटभर मीठ घातलेला. लग्न होऊन ती १९७३ साली पुण्याहून भोपाळला आली. काका भेलमध्ये, ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला. पन्नास वर्षांत तिच्या मराठीत हिंदी मुरलं आणि चहात मीठ. आता दोघं अरेरा कॉलनीत असतात आणि संध्याकाळी ओट्यावर बसून ज्याला भोपाळात पटियेबाजी म्हणतात ती करतात.

या वेळी माझ्याबरोबर धाकटा भाऊ होता. तो मेडिकल फिजिसिस्ट आहे, एका प्रोटॉन केंद्रात. कुठल्या, ते त्याने लिहू दिलेलं नाही. त्याआधी दोन वर्षं परदेशात होता, तिथे उंदरांवर प्रोटॉन मारायच्या प्रयोगात रात्री जागवून परत आला आणि तेव्हापासून उंदीर म्हटलं की तोंड वाकडं करतो. त्याचं मत एका वाक्यात सांगता येतं: उंदरांचे प्रयोग पुरे झाले, आता पेशंटांकडून शिका. मावशीचं मत इतकं आटोपशीर नाही.

वादाला निमित्त झालं ते समोरच्या घरातल्या सात वर्षांच्या मुलीचं. तिच्या मेंदूच्या मागच्या भागातली गाठ काढली होती, आता सगळं डोकं आणि पाठीचा कणा दोन्हींना किरण द्यायचे होते. भोपाळात एक्स-रेवाली यंत्रं आहेत, प्रोटॉनचं नाही. डॉक्टरांनी खारघरचं नाव सुचवलं होतं. तिथे टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन मिळतात. त्याआधी २०१९ पासून एका चेन्नईतच मिळत. बाप फाइल घेऊन आला होता. धाकट्याने त्याला स्वतःचाच हात टेबलावर आडवा ठेवून समजावलं. एक्स-रे पाठीतून शिरला की कण्याला भिडतो आणि तसाच पुढे हृदयातून, अन्ननलिकेतून, पोटातून जात पलीकडे निघतो. प्रोटॉन कण्यापाशी येऊन थांबतो. बाप दोनदा म्हणाला, "मतलब रुक जाता है?" धाकटा म्हणाला, "रुक जाता है." बापाच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. पंजाब मेलचं तिकीट काढायला तो गेला.

दार लागल्यावर मावशी म्हणाली, "छान समजावलंस. एक गोष्ट मात्र राहिली."

"कुठली?"

"तो थांबतो हे सांगितलंस. थांबताना काय करतो ते नाही सांगितलंस."

"मावशी, त्या माणसाला आता ते सांगून काय होणार होतं?"

"त्याला नको. मला सांग."

खरं तर तिला माहीत होतं. तिने वाचलेलं असतं, आणि समोरच्याकडून वदवून घ्यायची तिची सवय वर्गातली. धाकट्याने सांगितलं. भारित कण वेगात असतो तेव्हा वाटेत थोडी थोडी ऊर्जा सांडत जातो. वेग मंदावला की सांडणं वाढतं, आणि थांबण्याच्या अगदी आधी एकदम सगळी ओततो. आलेखात तिथे टोक दिसतं. ब्रॅगने ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाहिलं. रॉबर्ट विल्सन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने १९४६ साली लिहिलं की हे टोक गाठीवर आणून ठेवलं तर उपचार होईल. १९५४ साली बर्कलीत पहिल्या पेशंटला प्रोटॉन दिले. "गाठीवरच ओततो, मावशी. तेच तर हवंय."

"गाठीच्या काठावर ओततो. आणि काठाला लागून मेंदूचा देठ असला तर?"

"म्हणून तर तिकडे तोंड करून आम्ही किरण सोडत नाही. बाजूने आणतो."

"का बरं? गणित पक्कं असेल तर घाबरायचं कशाला?"

इथे तो थोडा गप्प झाला. मग त्याने तो आकडा सांगितला ज्यावर पुढचे दोन तास गेले: एक पूर्णांक एक.

वाचकांना एवढं समजलं की पुरे. किरणाची मात्रा ग्रे या एककात मोजतात. पण एक ग्रे एक्स-रे आणि एक ग्रे प्रोटॉन पेशींवर सारखाच परिणाम करत नाहीत. प्रोटॉन थोडा जास्त मारतो. किती जास्त, तर दहा टक्के, असं धरायचं ठरलं आहे. म्हणजे एक्स-रेचे ६० ग्रे द्यायचे असतील तिथे प्रोटॉनचे साडेचोपन्न द्यायचे, ६० भागिले एक पूर्णांक एक. जगभरातल्या केंद्रांत, गाठ कुठलीही असो, अवयव कुठलाही असो, किरणाच्या वाटेवरचं ठिकाण कुठलंही असो, भागाकार हाच.

"हा एक पूर्णांक एक आला कुठून?" मावशीने विचारलं.

"प्रयोगांतून. बरेचसे १९७०च्या सुमाराचे आणि नंतरचे."

"कशावरचे प्रयोग?"

धाकटा हसला. पकडलं गेल्यावर लहानपणी हसायचा तसा. "चिनी हॅमस्टरच्या पेशी. आणि उंदराचं आतडं."

मावशीने कप खाली ठेवला. "वा रे वा. म्हणजे उंदरांना नावं ठेवणारा तू, रोज सकाळी कामाला बसलास की उंदराच्या आतड्यानेच भागतोस."

मग तिने मला त्या आतड्याचा प्रयोग सांगितला, आणि सांगताना तिचा आवाज वर्गातला झाला. लहान आतड्याच्या अस्तरात बारीक खळगे असतात. त्यांच्या तळाशी सतत विभागणाऱ्या पेशी असतात, त्याच अस्तर रोज नवं करतात. उंदराला किरण द्यायचा, साडेतीन दिवस थांबायचं, मग आतडं कापून आडवे काप घ्यायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. कापाचं वर्तुळ दिसतं, त्याच्या कडेने जितके खळगे पुन्हा उगवले तितके मोजायचे. एवढ्या मात्रेला इतके उरले, तेवढ्या मात्रेला तितके. एक्स-रेचा आलेख, प्रोटॉनचा आलेख, दोहोंतलं अंतर म्हणजे तो आकडा. "फार सुंदर प्रयोग," ती म्हणाली. "माणसाने डोळ्यांनी मोजायचा. मी असता तर आयुष्यभर केला असता." असता की असते, हे भोपाळात पन्नास वर्षं राहिल्यावर तिच्याकडून मागू नये.

"सुंदर आहे, मान्य," धाकटा म्हणाला. "पण गाठ भरायला अनेक टोकं एकापुढे एक ठेवून जो पट्टा करतात, त्यातले बहुतेक प्रयोग त्या पट्ट्याच्या मध्यावर केलेले. एकाच वेळी मोठी मात्रा देऊन. आणि आतडं साडेतीन दिवसांत उत्तर देतं म्हणून आतडं. मला हवंय मेंदूचं उत्तर, ते येतं दहा वर्षांनी. तुझा उंदीर जगतो दोन वर्षं."

हा त्याचा पहिला खरा मुद्दा होता आणि मावशीने तो झटकला नाही. तिने बोटं मोजली. वाटेच्या सुरुवातीला तो आकडा एक पूर्णांक एकच्याच आसपास, मध्यावर थोडा वर, आणि जिथे किरण संपतो तिथे? धाकट्याने सांगितलं की २०१४ साली हॅराल्ड पागानेट्टी यांनी आजवरचे पेशींवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा संपण्याच्या काठावर सरासरी एक पूर्णांक पस्तीस आणि त्याच्याही पुढच्या उतारावर एक पूर्णांक सातपर्यंत आकडा गेला. पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे बिंदू इतके विखुरलेले की त्यांतून रेघ काढायची हिंमत लागते. म्हणून कुणी भागाकार बदलत नाही. एक पूर्णांक एकने हजारो पेशंट बरे झाले आहेत. बदलला आणि चुकला तर गाठीलाच मात्रा कमी पडेल.

"विखुरलेले का?" मावशी.

"आता तेच दाखवतो," म्हणून धाकट्याने टोपलीतलं लिंबू घेतलं.

*

"हा उंदीर. वजन पंचवीस ग्रॅम, जाडी दोन-अडीच सेंटिमीटर."

मावशीने उठून मसाल्याच्या डब्यातल्या दोन लवंगा आणल्या आणि लिंबाला कान लावले. "हं, आता बोल."

"आमचं यंत्र माणसासाठी बांधलेलं. असल्या एका सायक्लोट्रॉनचं वजन २२० टन. त्यातून निघणारा प्रोटॉन २३० मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्टचा, पाण्यात बत्तीस-तेहतीस सेंटिमीटर जातो. जाड्या माणसाच्या कमरेतली गाठही गाठतो. तो मंद करत आणायचा तर साधारण ७०पर्यंत येतो, त्याखाली यंत्र देत नाही. ७०चा प्रोटॉन पाण्यात जातो चार सेंटिमीटर." त्याने लिंबाच्या अलीकडून बोट सरकवत नेलं, लिंबावरून, पलीकडे, आणि साखरेच्या डब्याला टेकवलं. "थांबतो इथे. उंदीर केव्हाच मागे राहिला."

"म्हणजे उंदरापुरता तो एक्स-रेच झाला की! आरपार."

"तेच. ज्या टोकासाठी एवढा खटाटोप, ते टोक उंदरात उतरतच नाही. बऱ्याच जुन्या प्रयोगांत ते असंच निसटलं."

"मग समोर काहीतरी आडवं लाव."

"लावतो ना. तीन सेंटिमीटर प्लास्टिक." त्याने लिंबापुढे टेबलावरची वही उभी केली. "आता लिंबात एक सेंटिमीटर आत थांबतो. पण प्लास्टिकमधून येताना पसरतो, चाळणीतून पीठ पडावं तसा. त्यात मुळात कमी ऊर्जेला किरणाचा ठिपका पसरटच असतो. उंदराचा अख्खा मेंदू एक सेंटिमीटर रुंद; माझा ठिपका त्याहून मोठा. मला त्या मेंदूतल्या एका कोपऱ्यात टोक बसवायचंय, डोळा वाचवून. मग पितळेचा ठोकळा लावायचा, पाच मिलिमीटरच्या भोकाचा."

आतल्या खोलीतून काकांचा आवाज आला. भेलच्या टर्बाइनवर तीस वर्षं काढलेले काका बहुतेक बोलण्यात नसतात, पण पितळ म्हटल्यावर राहवेना. "भोक सरळ की निमुळतं?"

"निमुळतं, काका. किरण पसरत येतो म्हणून."

"कडा साफ कुणी केल्या?"

"मीच. पहिल्यांदा पितळाची बारीक कूस राहिली होती आत, तर किरण टिपणाऱ्या फिल्मवर शेपूट उमटलं."

काका समाधानाने हुंकारले. मला वाटतं त्या संध्याकाळी प्रोटॉनबद्दलचं सगळ्यांत नेमकं बोलणं तेवढंच झालं.

धाकटा पुढे सांगत गेला आणि मला ऐकताना हळूहळू समजत गेलं की त्याची चीड उंदरांवर नव्हती. पितळावर प्रोटॉन आदळले की न्यूट्रॉन सुटतात, तेही मोजायचे. पाच मिलिमीटरच्या भोकातून आलेली मात्रा मोजायला माणसासाठीचं मापक भोकाहून मोठं. मग फिल्म लावायची. आणि फिल्मची गंमत अशी की जिथे प्रोटॉन संपत आलेला असतो तिथेच ती कमी दाखवते. जिथलं मोजायचं तिथेच मापक आंधळं. त्याला सुधारणा करायची, ती प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या पद्धतीने करते, आणि लेखात लिहिताना अर्धे जण लिहीत नाहीत. पेशींची कथा वेगळी. किरण आडवा येतो, पेशी बाटलीच्या तळाला चिकटून वाढतात. बाटली उभी केली की द्रव खाली उतरतो आणि पेशी कोरड्या पडतात. म्हणून बाटली काठोकाठ भरायची. बाटलीची भिंत एक मिलिमीटर की सव्वा, यावर पेशी टोकाच्या अलीकडे पडल्या की पलीकडे ते ठरतं. "दोन देशांत दोन कंपन्यांच्या बाटल्या वापरल्या आणि दोन वेगळे आकडे छापून आले, मावशी. दोघेही प्रामाणिक."

*

रात्रीची गोष्ट त्याने जेवताना सांगितली. परदेशातल्या त्या केंद्रात दिवसभर पेशंट. शेवटचा पेशंट आठला उतरायचा, मग देखभालवाले, मग यांची पाळी, रात्री साडेअकरा ते तीन. उंदीर दुसऱ्या इमारतीत, जंतूंपासून राखलेल्या खोलीत. ते गाळणी लावलेल्या पेटीत ठेवून, वर कापड टाकून, मागच्या लिफ्टने आणायचे, कारण दवाखान्यात पेशंटांच्या वाटेवर उंदीर दिसला तर नोकरी जाईल. आणि एकदा बाहेर पडलेला उंदीर पुन्हा त्या खोलीत जात नाही, बाकीच्यांना बाधा होईल म्हणून. म्हणजे वर्षभर ठेवायचा तर वेगळी खोली, वेगळा माणूस.

त्या रात्री बारा उंदीर होते. एकेकाला भूल द्यायची, दात एका दांडीत अडकवायचे, खालून गरम गादी, कारण भूल दिलेला उंदीर दहा मिनिटांत गार पडतो आणि गार उंदराच्या पेशी वेगळं वागतात. पाच झाले. सहाव्याच्या मधोमध किरण तुटला. नियंत्रणकक्षात लाल अक्षरं. अर्धा तास फोनाफोनी. तोवर सहावा गादीवर झोपलेला, भूल चालू. दीडला किरण आला, दोनला पुन्हा गेला. तीनला यंत्र दिवसाच्या लोकांच्या ताब्यात द्यायचं होतं.

"मग?" मावशी.

"सहा आणि सात अर्धवट. अर्धी मात्रा एकला, अर्धी दीडला. मधल्या वेळात पेशी दुरुस्ती करून मोकळ्या. असला उंदीर कुठल्या रकान्यात लिहायचा? बाकीचे पाच तर तसेच परत, आणि परत म्हणजे परत नाहीच. माझ्या गाइडने सांगितलं, सगळे टाक."

"टाकलेस?"

"टाकले."

मावशी काही बोलली नाही. तिने त्याच्या ताटात भात वाढला.

नंतर, ओट्यावर, ती म्हणाली, "मी कॉलेजात किती बेडूक फाडले असतील सांग? वर्षाला दीड-दोनशे. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ते बंदच केलं, आणि मला वाईट नाही वाटलं. आधी बंद व्हायला हवं होतं. त्यातल्या एकाही बेडकाने नवीन काही सांगितलं नाही, पुस्तकातलंच पुन्हा दाखवलं. तुझे ते बारा काही सांगणार होते. ते वाया गेले याचं मला वाईट वाटतं. पण तू त्यावरून म्हणतोस की प्रयोगच नको?"

"मी म्हणतो की जिथे उत्तर मिळतं तिथे शोधा. आज हजारो पेशंटांचे एमआरआय आहेत. कुणाच्या मेंदूत वर्षाने पांढरा डाग दिसला, तो किरणाच्या काठाशी आहे का, हे संगणकावर जुळवून बघता येतं. माणसाचा मेंदू चौदाशे ग्रॅमचा, उंदराचा अर्ध्या ग्रॅमहून कमी. त्याला तीस दिवस रोज थोडी थोडी मात्रा कुणी देत नाही, एकदा किंवा पाचदा देतात. गाठ त्याच्या मांडीत कातडीखाली वाढवतात, कारण तिथे मोजायला सोपी. ती माणसाची गाठ असली तर वाढावी म्हणून ज्याची प्रतिकारशक्ती काढून घेतली आहे असा उंदीर घेतात, आणि किरणाचं काही काम तर प्रतिकारशक्तीच करते. यातलं काय माणसाला लागू होतं?"

"म्हणजे उंदराऐवजी ती," मावशीने समोरच्या घराकडे हात केला.

वाक्य फार कडू होतं. धाकटा उठून फाटकापर्यंत गेला. परत येऊन म्हणाला, "मावशी, हे बरोबर नाही. त्या मुलीसमोर पर्याय काय आहे? एक्स-रे तिच्या हृदयातून, थायरॉइडमधून, आतड्यातून जाणार. प्रोटॉन नाही जाणार. यात उंदराला काय विचारायचं? हे साधं भौतिकशास्त्र आहे."

"ते मी नाकारत नाही. तिने खारघरलाच जावं. मी तिच्या आईला तेच सांगितलं."

माझं मत विचाराल तर इथे धाकटा बरोबर होता, आणि मावशीला ते माहीत होतं. म्हणूनच कदाचित तिने पुढचं सांगितलं. ती ते फार सांगत नाही.

*

"कारखान्यातून गॅस सुटला त्या रात्रीनंतर, ३ डिसेंबरला सकाळी, आम्ही हमीदिया रुग्णालयात गेलो होतो. मी आणि माझे सात-आठ विद्यार्थी. तेव्हा आम्ही पिपलानीत राहायचो, तिथे रात्री काही कळलंच नाही, वारा आमच्या बाजूचा नव्हता. हमीदियाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे डोळे मिटून. एक तरुण डॉक्टर सारखा विचारत होता, इसका तोड क्या है, इसका तोड क्या है. कुणालाच माहीत नव्हतं. काहींनी सांगितलं, फक्त डोळे धुवा. पुढे सायनाइड आहे की नाही, थायोसल्फेट द्यायचं की नाही, यावर महिनोन्‌महिने भांडणं. मी नंतर वाचनालयात बसून शोधलं. मिक गॅसवर, म्हणजे मिथाइल आयसोसायनेटवर, आधी जनावरांत काय केलंय? बोटांवर मोजण्याइतकं. जो पदार्थ टाक्या भरून शहराच्या वस्तीला लागून ठेवला होता त्याच्यावर! आणि अपघात झाल्यावर मग जगभर उंदीर त्या वायूत बसवले. १९८७पर्यंत गाभण उंदरांवरचे निकालही आले. म्हणजे क्रम कसा? आधी आपण, मग उंदीर."

धाकटा हळू म्हणाला, "विष आणि औषध एका तागडीत नको घालूस."

"नाही घालत. मी फक्त क्रम सांगते. १९८६ला इथे कॅन्सरची नोंदवही सुरू झाली, गॅसमुळे वाढतो का ते बघायला. चांगली झाली. पण तिच्यात नाव यायचं तर आधी माणसाला कॅन्सर व्हावा लागतो. तुझ्या एमआरआयचंही तेच. डाग दिसल्यावर शिकणार."

आता त्याने उलट प्रश्न केला, आणि मला वाटतं तो चांगला होता. "फ्लॅशचं काय म्हणशील?"

फ्लॅश म्हणजे नेहमी मिनिटभर द्यायची मात्रा सेकंदाच्या तुकड्यात देणं, सेकंदाला ४० ग्रे किंवा जास्त वेगाने. २०१४ साली पॅरिसच्या फाव्होदाँ आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या फुप्फुसांवर दाखवलं की असं दिलं तर गाठ तितकीच मरते आणि निरोगी फुप्फुस वाचतं. जग वेडं झालं. २०२० साली सिनसिनाटीत प्रोटॉनने दहा पेशंटांच्या हातापायांच्या हाडांवर त्याचा पहिला माणसांवरचा अभ्यास सुरू झाला. "उंदरांनीच सांगितलं होतं ना? मग मांजरांनी काय सांगितलं?"

मांजरांची गोष्ट मला माहीत नव्हती. नाकाच्या शेंड्याला कॅन्सर झालेली पाळीव मांजरं, मालकांच्या संमतीने, इलेक्ट्रॉनच्या फ्लॅशने एका दमात ३० ग्रे. सुरुवातीला छान. कातडी शाबूत, गाठ गेली. मग नऊ ते पंधरा महिन्यांनी सातपैकी तीन मांजरांच्या वरच्या जबड्याचं हाड मेलं. अभ्यास थांबवावा लागला, २०२२ साली ते छापून आलं.

"उंदीर खोटं बोलला," धाकटा म्हणाला.

"उंदीर नाही. उंदराला विचारणारे घाईत होते. फुप्फुसाचं विचारलं, हाडाचं नाही. आणि बघ ना, खरं कुणी सांगितलं? पेशंटाने नाही. मांजराने. सात पेशंटांपैकी तिघांचे जबडे गेले असते तर?"

"म्हणजे तू म्हणतेस उंदरांनंतर मांजर, मांजरानंतर डुक्कर..."

"मी म्हणते तुझ्या त्या सहाव्या आणि सातव्याला टाकायला नको होतं. किरण मध्ये तुटतो हे माणसांच्या बाबतीतही होतं ना? पेशंट टेबलावर असताना?"

धाकटा थांबला. "होतं. क्वचित."

"मग अर्ध्या तासाच्या फटीने काय होतं ते त्या दोघांनी सांगितलं असतं. तुम्हाला रकाना नव्हता म्हणून तुम्ही उंदीर टाकले."

"दोन उंदरांतून काही सिद्ध होत नाही, मावशी," तो म्हणाला, पण तो विचार करत होता. दोनातून खरंच काही सिद्ध होत नाही. हे तिलाही माहीत आहे.

बोलणं मग कॅन्सरसंशोधक कमल रणदिव्यांवर गेलं, कारण मावशीचं कुठलंही बोलणं शेवटी तिकडे जातं. पुण्यात जन्मलेली ही बाई, अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत शिकून आली आणि परळच्या संस्थेत पेशी वाढवायची प्रयोगशाळा उभी केली, भारतातली पहिली. उंदरांतल्या स्तनांच्या कॅन्सरवर वर्षानुवर्षं काम केलं. वसंत खानोलकरांनी वाढवलेली ती संस्था, १९५२ची. तीच २००२ साली खारघरला गेली, म्हणजे आजचं अ‍ॅक्ट्रेक. "म्हणजे त्या आवारात आज उंदरांची खोलीही आहे आणि प्रोटॉनही," मावशी म्हणाली. "मागची लिफ्ट नको, कापड नको. या देशात हे दुसरीकडे कुठे जुळून आलंय सांग? आणि तू तिकडून येऊन म्हणतोस उंदीर पुरे."

"आवार एक असलं म्हणून वेळ मिळत नाही. दिवसभर पेशंटांची रांग. एका उंदराची रात्र म्हणजे यंत्राची देखभाल उद्यावर. समोरची मुलगी एक दिवस थांबते."

"आठवड्यातून एक रात्र?"

"महिन्यातून एक मिळाली तरी पुष्कळ."

"मग महिन्यातून एक. पण तीनला नाही संपवायची. सकाळपर्यंत."

तो हसला. हो म्हणाला नाही.

*

सकाळी पोहे आणि जलेबी, भोपाळात दुसरं काही असत नाही. धाकट्याची गाडी राणी कमलापतीवरून होती, अकराची. समोरची मुलगी फाटकापाशी आली होती, डोक्याला फुलांचा रुमाल, केस उगवायला लागलेले. तिने त्याला विचारलं, "वहाँ दर्द होता है क्या?" तो खाली बसला आणि म्हणाला, नाही, फक्त हलायचं नाही. कितनी देर? त्याने तिला शंभरपर्यंत मोजायला सांगितलं. ती एका दमात मोजून मोकळी झाली. तो म्हणाला, इससे थोडा ज्यादा.

आत मावशी पोह्यांवर पिळायला लिंबू शोधत होती. टोपलीत ते कालचंच होतं. लवंगा टोचलेल्या, आणि सालीवर धाकट्याने पेनाने मारलेली निळी रेघ, जिथे किरण थांबतो ती. तिने लवंगा काढून मसाल्याच्या डब्यात परत टाकल्या. सुरी रेघेवर ठेवली, मग जराशी उचलली.

"रेघेच्या या बाजूने कापू की त्या?"

"मधोमध काप," काका म्हणाले.

"रेघच एक मिलिमीटर जाड आहे," धाकटा म्हणाला, आणि ताट पुढे केलं.